जहाजावरच्या सकाळच्या कॉफीबद्दल

मा. संचालक मंडळ,
समुद्रपर्यटन घडवणाऱ्या सर्व जहाज कंपन्या



मी बेळगावची. आमचं कॉफी भाजून, दळून विकायचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते उघडलं, पुढं आम्ही दोघांनी एकतीस वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. चिकमगळूर आणि कोडगूकडून पोती येतात. गिऱ्हाईक दारात उभं राहून सांगतं, 'अर्धा किलो द्या, पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मं-निम्मं, चिकोरी वीस टक्के', आणि आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत दळून देतो. हे सांगायचं कारण एवढंच की पुढं जे लिहिते आहे ते ज्या वस्तूवर आमचं घर चाललं त्या वस्तूबद्दल आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर चार रात्रींची सफर केली. सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत. टूरवाल्यांबरोबर आमचा एकवीस जणांचा गट होता. बेळगाव, निपाणी, कऱ्हाड, सातारा इकडची मंडळी, बहुतेक साठीच्या पुढची. जहाजाचं आणि कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. परत आल्यावर वेगवेगळ्या जहाजांवरून, वेगवेगळ्या समुद्रांवर फिरून आलेल्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना विचारलं, आणि जवळजवळ प्रत्येकानं हीच तक्रार सांगितली. म्हणून पत्र एका कंपनीला न लिहिता तुम्हां सर्वांना लिहिते आहे.

जहाजावर बाकी सगळं चोख होतं. खोली स्वच्छ, चादरी रोज बदललेल्या, जेवणात आमच्या शाकाहारी लोकांसाठी वेगळी सोय, आणि काम करणारी पोरं इतकी अदबीनं वागणारी की आमच्या गटातल्या बायका निघताना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते सकाळच्या कॉफीबद्दल.

पहिल्या दिवशी पहाटे साडेसहाला आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या बुफेत गेलो. तिकडं उजाडायला सात वाजतात, त्यामुळं बाहेर अंधारच होता. जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून चाललं होतं, लांबवर दुसऱ्या जहाजांचे दिवे दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राच्या मध्यावर सकाळ बघायची म्हणून हौसेनं उठलो होतो. ओळीनं तीन यंत्रं मांडलेली होती. एकाचं बटण दाबलं, कप भरला आणि नाकाशी नेला. बघा, आमच्याकडं दळण निघताना आम्ही पावडर चाखत नाही, वास घेतो, आणि कुठल्या भाजणीत काय बिनसलं ते वासावरून समजतं. त्या कपाला कॉफीचा वास जवळजवळ नव्हताच. आधी नळाच्या पाण्याला येतो तसा क्लोरीनचा वास आला, त्याच्या मागून करपलेल्या साखरेसारखा काहीतरी. रंग काळा, पण अंगात दाटपणा नाही, कप हलवला की पाण्यासारखी हलते. घोट घेतला तर जिभेच्या कडांना आंबट, मागं कडू आणि मध्ये काहीच नाही. दूध म्हणून शेजारच्या टोपलीत प्लास्टिकच्या इवल्याशा डब्या होत्या. त्यातलं पांढरं काय ते घातल्यावर कॉफी राखाडी झाली. यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि समुद्राकडं बघत बसले. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. यांनी भरलेला कप तसाच सोडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

ही कॉफी ज्या पाण्यावर मिळाली ते पाणी लक्षात घ्या. त्या सामुद्रधुनीच्या एका काठावर सुमात्रा. गायो आणि मांडेलिंग या नावांनी तिथली कॉफी जगभर विकली जाते. दुसऱ्या काठावर मलेशिया, आणि आमचं जहाज सुटलं ते सिंगापूर. तिथं जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी आम्ही एका बाजारपेठेतल्या साध्या खाऊगल्लीत 'कोपी' प्यायलो होतो. एक म्हातारेबुवा कापडाच्या लांबट पिशवीतून, लांब चोचीच्या भांड्यातून कॉफी गाळत होते. वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून. माझी आजी पंचाच्या फडक्यातून गाळायची त्याची आठवण झाली. कपात तळाशी आटीव गोड दूध, वर ती काळीभोर कॉफी. नुसती साखर घालून काळी हवी असेल तर 'कोपी-ओ' म्हणायचं, बिनगोड आटीव दूध हवं असेल तर 'कोपी-सी'. दाणा बहुतेक रोबस्टा, म्हणजे आमच्या धंद्यातला स्वस्त दाणा, साखर आणि मार्गारीन घालून काळपट भाजलेला. कप सव्वा-दीड सिंगापुरी डॉलरला. आणि काय चव होती! यांनी दोन कप घेतले आणि म्हाताऱ्यांना खुणेनं सांगितलं की आम्हीही याच धंद्यातले. ते हसले आणि कापडाची पिशवी उलटून आतला चोथा दाखवला.

महाग दाण्यावर काही अडत नाही, हे त्या म्हाताऱ्यांनी स्वस्त दाण्यावर दाखवून दिलं होतं. मग तेवढ्यात, त्याच बंदरातून निघालेल्या जहाजावर असं काय होतं?

तिसऱ्या दिवशी मला त्याचं उत्तर मिळालं. बुफेत काम करणारा एक मुलगा गोव्याचा, सासष्टीकडचा निघाला. आम्हां बेळगावकरांना कोकणी समजते, त्यामुळं तो मोकळेपणानं बोलला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीला माझ्यामुळं धक्का लागायला नको. मी विचारलं, अरे, या यंत्रात दाणे कुठं घालता? तो म्हणाला, 'आंटी, दाणे ना.' यंत्राच्या पोटात कॉफीच्या अर्काचा डबा बसवतात. बटण दाबलं की थोडा अर्क आणि पुष्कळ गरम पाणी एकत्र होऊन कपात पडतं. मी म्हटलं, तुम्ही हीच पिता का? तो म्हणाला, 'आमी सकयल च्याच पियेतात.' म्हणजे, आम्ही खाली चहाच पितो.

मला धक्का बसला तो अर्क वापरतात याचा नाही. गर्दी मोठी, हात कमी, हे मला कळतं. लग्नकार्यात आम्हीही डिकॉक्शन आधी काढून ठेवतो. पण आदल्या रात्री काढलेलं डिकॉक्शन आम्ही दुसऱ्या दिवशी पाहुण्याला देत नाही. कॉफीतला जो सुगंध आहे तो उडणारा आहे. दाणा दळला की उडायला लागतो, पाण्यात उतरला की आणखी भराभर उडतो. एकदा काढलेली कॉफी आचेवर किंवा गरम पट्टीवर ठेवली की तिच्यातली आम्लं फुटतात आणि ती आंबूस-कडू होत जाते. अर्ध्या-पाऊण तासात साध्या माणसालाही फरक कळतो. जहाजावरच्या बैठकीच्या खोलीत ज्या मोठ्या थर्मासमधून दुपारी कॉफी देत होते, त्यात ती सकाळपासूनची असावी, असं मी चवीवरून म्हणेन, आणि माझी चव सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. कॉफीचा कप म्हणजे शंभरात अठ्ठ्याण्णव भाग पाणीच. जहाजावर ते समुद्राच्या पाण्याची वाफ करून किंवा दाबानं पडद्यातून गाळून तयार करतात, काही बंदरावर भरून घेतात, आणि रोगराई होऊ नये म्हणून त्यात क्लोरीन घालतात. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचे जहाजांसाठीचे नियम सांगतात की नळापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात दर लिटरमागं कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम इतकं निर्जंतुक करणारं द्रव्य असावं. तो नियम योग्यच आहे. हजारो माणसं एका लोखंडी भिंतीच्या आत राहतात, पोटाचा आजार पसरला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. एक थेंबही क्लोरीन कमी करा असं मी म्हणणार नाही. पण यंत्राला येणाऱ्या नळीवर कोळशाची गाळणी बसवली की क्लोरीनचा वास तिथंच अडतो. हे काही नवं शास्त्र नाही. बेळगावात आमच्या दुकानामागच्या उडुपी हॉटेलात ती गाळणी भिंतीवर लटकलेली आहे. समुद्राच्या पाण्यातून काढलेल्या गोड्या पाण्यात खनिजं फार कमी उरतात, आणि अगदी मोकळं पाणी दाण्यातली चव नीट ओढून घेत नाही, कॉफी सपक लागते. थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम लागतं. जहाजावरचे अभियंते पाण्यात खनिजं घालतातच, नाहीतर नळ गंजतील. नळांची एवढी काळजी घेता, तशी थोडी चवीचीही घ्या.

विमानातली कॉफी वाईट लागते त्याला कारण आहे. वर हवेचा दाब कमी, पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, हवा कोरडी, नाक सुकलेलं. जहाज तर समुद्रसपाटीलाच असतं. पाणी बरोबर शंभरला उकळतं, हवा दमट, वास नाकाला भरभरून लागतो. चांगल्या कॉफीला पाणी ९२ ते ९६ अंशांचं लागतं आणि ते मिळवायला समुद्रासारखी सोयीची जागा नाही. तेव्हा त्या बाजूनं जहाजाला काहीच सबब नाही.

आणि सबब नाही याचा पुरावा जहाजावरच होता. पाचव्या मजल्यावर, दुकानांच्या रांगेत, कॉफीचा एक सुंदर काउंटर होता. तो सकाळी साडेसातला उघडायचा. तिथं दाणे काचेच्या भांड्यात दिसत होते, कपागणिक दळत होते, दूध खरं होतं, वाफेनं फुलवलेलं. दुसऱ्या दिवशी मी तिथं एक कप घेतला. कॉफी चांगली होती, खरंच चांगली. सेवाशुल्क धरून आपल्याकडच्या चारशे रुपयांच्या आसपास पडली. सगळं जेवणखाण भाड्यात धरलेलं असतं असं आम्हाला सांगितलेलं. कॉफीही धरलेली होती, पण पिण्याजोगी कॉफी धरलेली नव्हती.

एकाच जहाजावर, एकाच टाकीच्या पाण्यात, दोन मजल्यांच्या अंतरानं एक कप चांगला आणि एक कप वाईट मिळतो तेव्हा वाईट कप ही अडचण राहत नाही, तो तुम्ही घेतलेला निर्णय ठरतो. पाहुण्याला आधी नकोशी कॉफी द्यायची आणि हवीशी मागितली तर पैसे मागायचे, याला आमच्याकडं पाहुणचार म्हणत नाहीत. महागडी दारू विका, दागिने विका, मसाज विका, त्याला ना नाही. सकाळची कॉफी त्या रांगेत नको.

आमच्या गटात कऱ्हाडकडचं एक जोडपं होतं. त्यातले गृहस्थ एस. टी.त वाहक होते, आता निवृत्त. मुलानं आग्रह केला, दोघांनी साठवलेले पैसे होते त्यात भर घातली आणि पहिल्यांदा परदेशात पाठवलं. त्या माणसाचं आयुष्य पहाटेच्या पाचच्या गाडीवर गेलेलं. स्टँडवरची कॉफी, कँटीनची कॉफी, थंडीत हात शेकत प्यायलेली. ती बाई मला सांगत होती की यांना चहा चालत नाही, पित्त होतं, म्हणून कॉफीच. पहिल्या सकाळी त्यांनी कप भरून घेतला. एक पुडी साखर घातली, प्यायले. दुसरी घातली. मग तिसरी. पाच पुड्या मी मोजल्या. मी म्हटलं, दादा, चांगली नाहीये हो ही, टाका. तर ते म्हणाले, 'आसंल वैनी इकडची अशीच. आपल्याला कुठं सवय हाय.'

हे वाक्य मला अजून टोचतं. वस्तू वाईट होती आणि तो भला माणूस स्वतःला कमी समजत होता. एवढं मोठं जहाज, एवढी झुंबरं, एवढे मजले, मग कॉफीही मोठ्या लोकांची असणार, आपल्यालाच कळत नसणार, असं त्याला वाटलं. त्याला चारशे रुपयांचा काउंटर ठाऊक होता, पण तिकडं तो एकदाही गेला नाही. चौथ्या सकाळी मी आणि बाईंनी मिळून त्यांना ओढत नेलं, तेव्हा पहिला घोट घेऊन ते काही बोलले नाहीत, नुसते बाईंकडं बघून मान हलवली. पैसे मात्र आम्हाला देऊ दिले नाहीत.

तुम्ही विचाराल, जहाजावरच तक्रार का नाही केली? तक्रारीचा फॉर्म आला होता. त्यात काय विचारलं होतं ते पाहा. वाढणाऱ्याची वागणूक कशी होती, टेबल स्वच्छ होतं का, बुफेतल्या कर्मचाऱ्यांना किती गुण द्याल. कॉफीला कमी गुण द्यायचे म्हणजे त्या सासष्टीच्या पोराच्या पानावर ते पडणार. अर्काचा डबा त्यानं निवडलेला नाही, गाळणी न बसवायचं त्यानं ठरवलेलं नाही, थर्मास दिवसातून किती वेळा भरायचा हेही त्याच्या हातात नाही. ज्यांनी खरेदी ठरवली त्यांच्या नावासमोर गुण द्यायची जागा त्या कागदावर कुठंच नव्हती. म्हणून मी त्या पोराला पैकीच्या पैकी गुण दिले आणि हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

कॉफीचं आणि जहाजाचं नातं तुम्ही विसरलात याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडं कॉफी आली तीच समुद्रावरून. सतराव्या शतकात बाबा बुदन हज यात्रेहून परतताना येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगतात. तो डोंगर आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पुढं मलबारच्या बंदरांतून शिडाच्या जहाजांनी कॉफी युरोपला जायला लागली. आफ्रिकेला वळसा घालून जायला महिनेच्या महिने लागायचे. जहाजाच्या तळातल्या दमट, खाऱ्या हवेत तो हिरवा दाणा फुगायचा, पिवळट व्हायचा, त्यातला आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला आणि दाणा हिरवाच पोचायला लागला, तेव्हा गिऱ्हाइकांनी तक्रार केली की आमची जुनी कॉफी कुठं गेली? मग मंगळुरूकडच्या व्यापाऱ्यांनी काय करावं? जून ते सप्टेंबर, पावसाळी वारा आत यावा म्हणून बाजू उघड्या ठेवलेल्या वखारींत दाणा पसरायचा, फावड्यानं उलटायचा, सैल पोत्यांत भरून पुन्हा ओतायचा, असं तीन-चार महिने करून त्यांनी समुद्रप्रवासाची ती चव जमिनीवर परत आणली. 'मॉन्सून्ड मलबार' म्हणतात तिला, भौगोलिक मानांकन आहे. आमच्या दुकानात ती थोडी ठेवतो. फुगलेला, सोनेरी, हलका दाणा असतो, मुठीत घेतला की शेंगदाण्याएवढा वाटतो.

त्या व्यापाऱ्यांनी हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकली आणि त्याच्या एका कपासाठी वखारींच्या भिंती उघडल्या. तुमचं गिऱ्हाईक तर तुमच्याच छपराखाली झोपतं.

आता खर्चाचं बोलते, कारण तुमच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच निघणार. बरी कॉफी करायला लिटरभर पाण्याला ५५ ग्रॅम पावडर लागते. दीडशे मिलिलिटरचा कप धरला तर कपाला आठ-साडेआठ ग्रॅम. तीन हजार प्रवासी, प्रत्येकी दोन कप, म्हणजे सहा हजार कप. दिवसाला पन्नास किलो. एक पोतं. जहाजावर रोज जेवढं अन्न शिजतं आणि उष्टं म्हणून परत जातं, ते मी पाच दिवस पाहिलं आहे. त्यात हे एक पोतं कुठं जड होणार?

सगळा दिवस सगळीकडं ताजी कॉफी द्या असंही मी म्हणत नाही. सकाळी साडेपाच ते नऊ, बुफेत, खऱ्या दाण्याची, तिथंच दळलेली कॉफी ठेवा. दाणा महागाचा नको. स्वच्छ, ताजा भाजलेला रोबस्टा-अरेबिका मिसळलेला असला तरी पुरे. यंत्राच्या नळीवर गाळणी बसवा आणि ती वेळेवर बदला. काढलेली कॉफी अर्ध्या तासानं ओतून द्या, थर्मासवर वेळ लिहायला लावा. खरं दूध ठेवा, गरम. ज्या जहाजांवर आमच्याकडची मंडळी मोठ्या संख्येनं येतात तिथं स्टीलचं फिल्टर लावून डिकॉक्शन काढा. तुमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या केरळच्या, तमिळनाडूच्या पोरांना ते शिकवावं लागणार नाही. आणि त्या फॉर्मवर खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वेगळी ओळ ठेवा, म्हणजे वाढणाऱ्याचे गुण आणि वस्तूचे गुण एकमेकांत मिसळणार नाहीत.

एक विनंती मात्र आज-उद्याच अमलात आणण्यासारखी आहे. तुमच्यापैकी कुणी एकानं, कुठल्याही बंदराला लागलेल्या तुमच्याच जहाजावर, कुणाला न सांगता सकाळी सहाला जावं. बुफेतल्या यंत्रातून एक कप भरून घ्यावा, साखर न घालता, आणि खिडकीशी बसून तो शेवटपर्यंत प्यावा. नंतर दोन जिने उतरून काउंटर उघडेपर्यंत थांबावं आणि तिथला एक कप घ्यावा.

पुढच्या वर्षी आमच्या गटातली मंडळी पुन्हा जहाजावर जायचं म्हणताहेत. कऱ्हाडचं जोडपंही येणार आहे. मी आमच्या दुकानातली पावडर आणि छोटं फिल्टर पिशवीत भरून नेणार होते. ते घरी ठेवता यावं, एवढी व्यवस्था करा.

आपली,
बेळगावातली एक कॉफी दुकानदार